जुन्या गाडीचे दार : थोडे तेल, मोठी बचत

जुनी गाडी घेताना आपण इंजिन तपासतो, दाराकडे मात्र पाहत नाही. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले. म्हणजे आज धावणाऱ्या या गाड्यांची दारे जुनीच आहेत. काचेवरून आत उतरलेले पावसाचे पाणी दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडते. ती मातीने बुजली की पत्रा आतून सडतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी भोके मोकळी करावीत, बिजागऱ्यांना तेल द्यावे. दार उघडून टोकाशी वर उचलून पाहावे. खडखडले तर पिन झिजली समजावे. ती किंवा बिजागरी वेळीच बदलावी. गंज दिसल्यास पूर्ण घासून, प्रायमर लावूनच रंग द्यावा. आम्ही आमच्या वाचकांना एवढेच सांगू : आजचा आळस म्हणजे उद्याचा डेंटिंग-पेंटिंगचा खर्च.