रेंगाळणाऱ्या क्वेरीचा माग

माहिती कुठे आणि कशी साठवली आहे याची काळजी वापरणाऱ्याला करावी लागू नये, हा विचार आयबीएममधील गणितज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली मांडला. त्यातून रिलेशनल डेटाबेस जन्माला आला. काय हवे ते माणसाने सांगायचे आणि ते कसे शोधायचे हे डेटाबेसने ठरवायचे, अशी ही विभागणी आहे. पुढे हायबरनेट (२००१) आणि जँगो (२००५) यांसारख्या साधनांतून ओआरएम घरोघर पोचला. प्रोग्रामरची भाषा आणि डेटाबेसची भाषा एसक्यूएल यांच्यामधला हा दुभाषा इतका तत्पर आहे, की आपल्या नावाने तो काय काय बोलला हे अनेकदा आपल्याला कळतच नाही. म्हणून पान उघडायला वेळ लागू लागला, की पहिले काम असते या दुभाष्याचे बोलणे ऐकण्याचे.

समजा, जँगोमध्ये १०० पुस्तकांची यादी दाखवायची आहे आणि प्रत्येक पुस्तकापुढे लेखकाचे नाव हवे आहे. पुस्तकांसाठी एक क्वेरी जाते. मग लूपमध्ये लेखकाचे नाव मागितले, की दर पुस्तकामागे आणखी एक जाते. एकूण १०१! हाच प्रसिद्ध ‘एन प्लस वन’ दोष. यातली एकही क्वेरी मंद नसते. जाऊन येऊन २ मिलिसेकंद धरले, तरी २०२ मिलिसेकंद नुसत्या हेलपाट्यांत जातात. मंद क्वेरींच्या लॉगमध्ये यांतली एकही सापडत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसचे पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स हे एक्स्टेंशन मात्र सारख्या घडणीच्या क्वेरी एकत्र मोजते, त्यामुळे तिथे हा दोष उघडा पडतो. उपायही सोपा आहे. सिलेक्ट-रिलेटेड वापरले की जॉइन होऊन एका क्वेरीत काम भागते. प्रीफेच-रिलेटेड वापरले तर दोन लागतात.

क्वेरी एकच असून रेंगाळत असेल, तर थेट डेटाबेसलाच विचारावे. डेटाबेसचे मार्ग निवडण्याचे तंत्र ज्यावर उभे आहे, ते काम १९७९चे. पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेटाबेसला प्रत्येक मार्गाच्या खर्चाचा अंदाज बांधून स्वस्त मार्ग निवडायला शिकवले. पोस्टग्रेसमध्ये क्वेरीआधी एक्सप्लेन ॲनालाइझ लिहिले, की तो हा विचार पायरीपायरीने उलगडून दाखवतो. किती ओळी येतील असे वाटले होते आणि प्रत्यक्षात किती आल्या, हे शेजारी शेजारी दिसते. दहाच्या जागी दहा लाख ओळी आल्या असतील, तर बहुधा आकडेवारी शिळी झालेली असते. ॲनालाइझ चालवून ती ताजी करावी. एक्सप्लेन ॲनालाइझ क्वेरी खरोखर चालवते, म्हणून अपडेट किंवा डिलीट तपासताना ट्रान्झॅक्शन उघडून शेवटी रोलबॅक करणे विसरू नये.

मोठ्या टेबलातून मोजक्याच ओळी हव्या असताना ‘सीक्वेन्शियल स्कॅन’ (सगळे टेबल ओळीने वाचणे) दिसला, तर इंडेक्सकडे वळावे. इंडेक्स सहसा ज्या रचनेत साठवला जातो, त्या रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी घडवलेल्या बी-ट्रीची ताकद थक्क करणारी आहे. एका पानात ३०० नोंदी मावतात असे धरले, तर अवघ्या तीन पातळ्यांत २ कोटी ७० लाख नोंदींपर्यंत पोचता येते.

कधी कधी इंडेक्स असूनही वापरला जात नाही. लहान-मोठी अक्षरे न पाहता ईमेल शोधायला जँगोत आय-एक्झॅक्ट लिहिले, तर पोस्टग्रेससाठी ओआरएम त्या कॉलमवर अपर हे फंक्शन लावतो. साधा इंडेक्स मूळ ईमेलवर असतो, अपर केलेल्या रूपावर नाही, म्हणून तो निरुपयोगी ठरतो. त्याच रूपावर इंडेक्स बांधला, की शोध पुन्हा वेगवान होतो. पायथनच्या त्या एका ओळीत हे कुठेही दिसत नाही. तयार झालेले एसक्यूएल वाचले तरच दिसते.

दोष सापडला, दुरुस्त झाला, की तो परत येऊ नये याचीही सोय आहे. जँगोच्या चाचण्यांत असर्ट-नम-क्वेरीज लिहून ‘इथे दोनच क्वेरी जाव्यात’ असे बजावून ठेवता येते. पुढे कोणी नकळत लूपमध्ये लेखकाचे नाव मागितले, तर वाचकाला ताटकळावे लागण्याआधीच ती चाचणी नापास होते.