पाच ते बेचाळीस किलोमीटर : धावताना शरीर काय सांगते

आमच्या वस्तीतले आम्ही पाच जण गेली सहा वर्षे नागपुरात पहाटे धावतो. एक बँकेत, एक रेल्वेत, एक ताई शाळेत शिक्षिका, एक पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा आणि पाचवा हे सगळे टिपून ठेवणारा. खेळाडू कुणीच नाही. दीक्षाभूमीपासून अंबाझरी तलावापर्यंत जायचे आणि परत यायचे, एवढाच सुरुवातीचा कार्यक्रम होता. मग शर्यतींचा नाद लागला. आता वस्तीतले लोक विचारतात, आम्ही पळावे का, आणि किती पळावे? त्याचे उत्तर देताना एक गोष्ट सांगणे आम्हाला भाग आहे. ती या लेखात मध्यावर येईल.

पहिली शर्यत ५ किलोमीटरची, कस्तुरचंद पार्कवरून सुटलेली. अशा शर्यतींत आधी स्टेजवर मोठ्याने गाणी लावून लोकांना नाचवतात. आमची निम्मी ताकद तिथेच गेली. शिट्टी वाजताच सगळे सुसाट सुटले, म्हणून आम्हीही सुटलो. पहिल्या किलोमीटरच्या आतच धाप लागली, कुशीत कळ आली आणि शेवटचे दोन किलोमीटर चालावे लागले. याचे कारण साधे आहे. आपण धावू लागलो की हृदय आणि फुप्फुसांना स्नायूंच्या गरजेएवढा प्राणवायू पोहोचवायला दोन-तीन मिनिटे लागतात. तेवढ्यात आपण पूर्ण जोर लावला तर उधारी वाढत जाते आणि ती लगेच वसूल होते. त्यामुळे पहिली पाच मिनिटे मुद्दाम हळू पळायचे. शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य तुटू लागले की वेग जास्त झाला असे समजावे. घड्याळ, मोबाईल, पट्टा यांतले काही लागत नाही.

१० किलोमीटर हे नोकरी-घर सांभाळणाऱ्या माणसासाठी सर्वात चांगले अंतर, असे आमचे मत आहे. ५ किलोमीटर आरामात होत असतील तर आठवड्यातून तीन-चार दिवस, दोन-तीन महिने सरावाला द्यावे. तेवढ्यात दहा जमते आणि गुडघ्यांचेही फार हाल होत नाहीत. बँकेतल्या भाऊंनी शर्यतीच्या दिवशी नवे कोरे बूट घातले आणि पायाच्या अंगठ्याचे नख काळे करून घेतले. बूट अर्धा अंक मोठा असावा आणि शर्यतीआधी महिनाभर तरी वापरलेला असावा. एवढेच.

२१ किलोमीटरला मात्र प्रश्न फक्त दमाचा राहत नाही, इंधनाचा होतो. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असते, म्हणजे दोन हजार कॅलरीच्या आसपास. ६० किलो वजनाचा माणूस एक किलोमीटर धावला की अंदाजे ६० कॅलरी खर्च होतात. हिशेब केला तर अर्ध्या मॅरेथॉनला साठा पुरतो, पण रात्री उपाशी झोपलेल्याला पुरत नाही. आम्ही आदल्या रात्री वरण-भात आणि सकाळी दीड-दोन तास आधी केळी खातो. तर्री पोहे शर्यत संपल्यावर. आधी खाल्ले तर काय होते ते रेल्वेवाल्या दादांना विचारा.

आता ती गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही पाचही जण एका अर्ध्या मॅरेथॉनला उतरलो. पाहुणे उशिरा आले म्हणून शर्यत जवळजवळ तासाभराने सुटली. सेमिनरी हिल्सचा चढ संपेपर्यंत ऊन चढले होते. सतराव्या किलोमीटरला आमचा भरतीवाला पोरगा रस्त्याच्या कडेला बसला. पाय चालत नाहीत म्हणाला. आम्हाला वाटले, पोटरीत गोळा आला. आम्ही त्याचे अंगठे ओढले, पोटरी चोळली आणि वर बोललोही, "अबे उठ, चारच राहिले!" तो उठला, शंभर पावले पळाला आणि कोसळला.

पाणी वाटणाऱ्या स्वयंसेवकांत एक परिचारिका होत्या. त्यांनी पोटरीला हात लावला आणि आम्हाला बाजूला केले. गोळा आला की स्नायू दगडासारखा घट्ट होतो. याची पोटरी मऊ होती, पण पायात त्राण नव्हते, आणि बसल्या जागीही श्वास आवरत नव्हता. त्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली. दवाखान्यात लघवी काळ्या चहासारखी झाली. स्नायू तुटून त्यांतले द्रव्य रक्तात उतरले होते आणि ते मूत्रपिंडावर ताण देत होते. सलाईन आणि रोजच्या रक्ततपासण्या यांत पाच दिवस गेले. मूत्रपिंडे वाचली. डॉक्टरांनी सिकलसेलची तपासणी केली. अहवालात ए.एस. आले, म्हणजे वाहक.

त्याच्या आईने मग घरच्या पत्र्याच्या पेटीतून एक कार्ड काढले. तो शाळेत असताना शिबिरात तपासणी झाली होती. "उद्या लग्नाच्या वेळी कोणी विचारलं तर?" म्हणून तिने ते कुणाला दाखवले नव्हते. तिला दोष द्यायचा अधिकार आम्हाला नाही. आमच्यापैकी कितीजणांनी स्वतःची तपासणी केली होती? एकानेही नाही.

विदर्भात सिकलसेल आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात बऱ्याच घरांत आहे. मध्य भारतातल्या वाहकांबद्दल 'लॅन्सेट'मध्ये १९५८ सालीच लिहून आले होते. म्हणजे ही गोष्ट डॉक्टरांना आपल्या आधी कळली. यात कुणाचे पाप किंवा खोट नाही. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता, तिथे हे एक जनुक असलेली मुले हिवतापातून अधिक वाचली, म्हणून ते टिकले. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून ते आले तर माणूस वाहक, ए.एस.; दोघांकडून आले तर रुग्ण, एस.एस. रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय शर्यतीच्या वाटेला जाऊ नये. वाहक मात्र आजारी नसतो. तो नोकरी करतो, शेती करतो, पळतोही. पण कडक ऊन, शरीरातले कमी पाणी आणि न थांबता लावलेला जोर हे तिन्ही एकत्र आले तर क्वचित त्याच्याही रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्या अडवतात आणि स्नायूंचा पुरवठा तुटतो. आमच्या पोराला दोन दिवस आधी तापही होता. शर्यत चुकेल म्हणून तो बोलला नाही.

एक गोष्ट भरतीच्या मुलांनी नीट वाचावी. वाहकाला हळू आणि लांब पळण्यापेक्षा जोरात आणि पुन्हा पुन्हा पळण्यात जास्त धोका असतो. १६०० मीटरची वेळ कमी करण्यासाठी मैदानावर श्वास न घेता फेऱ्यांवर फेऱ्या मारायला लावतात, बसला तर ओरडतात. वाहकाने दोन फेऱ्यांमध्ये पुरती विश्रांती घेतलीच पाहिजे, सराव आठवड्या-आठवड्याने वाढवला पाहिजे, तापात मैदानावर जाता कामा नये. पाय अचानक गळाल्यासारखे वाटले की तिथेच थांबावे, सावलीत जावे, पाणी घ्यावे आणि लगेच दवाखाना गाठावा. प्रशिक्षकाला आधीच सांगून ठेवावे.

त्या आठवड्यात आम्ही उरलेले चौघे तपासणीला गेलो. आरोग्य केंद्रात बोटातून थेंबभर रक्त घेऊन प्राथमिक चाचणी होते. ती होकारार्थी आली तर पुढच्या चाचणीत वाहक की रुग्ण ते कळते. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ पासून सुरू आहे, त्यामुळे खिशाला चाट बसत नाही. चौघांपैकी शिक्षिका ताई वाहक निघाल्या. वय ४३, दोन मुले, तोवर काहीच माहीत नव्हते. त्यांच्या मुलांची तपासणी मग झालीच.

ताईंनी पळणे सोडले नाही. डॉक्टरांना विचारून, वर्षभर हळूहळू अंतर वाढवून, त्या बँकेतल्या भाऊंबरोबर जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला गेल्या. पूर्ण ४२.१९५ किलोमीटर. हा विचित्र आकडा १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमधला. राजवाड्यापासून मैदानातल्या राजघराण्याच्या आसनापर्यंत तेवढे अंतर भरले आणि १९२१ मध्ये तेच कायम झाले. साठा दोन हजार कॅलरींचा आणि खर्च अडीच हजारांचा, त्यामुळे तिसाव्या किलोमीटरनंतर पाय जड होणारच. मुंबईत नेमका तेव्हाच पेडर रोडचा चढ येतो. ताई तो चढ सरळ चालत गेल्या. रस्त्यावरचे लोक संत्र्याच्या फोडी आणि बिस्किटे हातात देत होते, त्या घेत गेल्या.

भाऊंचे उलटे झाले. आमच्या पोराची आठवण ठेवून ते प्रत्येक टेबलावर थांबून बाटलीच रिकामी करत होते. तिसाव्या किलोमीटरला बोटातली अंगठी घट्ट झाली, मळमळू लागले, डोके दुखू लागले. जास्त पाण्याने रक्तातले मीठ पातळ होते, आणि तेही जिवावर बेतू शकते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के लोकांच्या रक्तात सोडियम कमी आढळले होते. वैद्यकीय तंबूतल्या डॉक्टरांनी भाऊंचे पाणी थांबवले आणि त्यांना शर्यतीतून काढले. तहान दाबायची नाही, पण तहान नसताना पाणी ढोसायचेही नाही. आदल्या दिवशी लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर तयारी ठीक आहे.

ताईंना ५ तास ५२ मिनिटे लागली. पदक त्यांनी वर्गातल्या मुलांना हाताळायला दिले.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी, आणि चालताना छातीत दुखते त्यांनी आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी, मगच बूट विकत घ्यावेत.

पोरगा आता पुन्हा १० किलोमीटर पळतो, आमच्या मागून, बोलत बोलत. छातीवर लावायच्या नंबरच्या कागदामागे रक्तगट आणि घरचा फोन लिहायला जागा असते. पूर्वी आम्ही ती कोरी सोडायचो. आता ताई आणि तो, दोघेही तिथे मार्करने मोठ्या अक्षरात लिहितात : सिकलसेल वाहक, ए.एस.