संग्रहालय वाढतें म्हणजे काय?



पुष्कळ वर्षांपूर्वीं अमळनेरच्या आमच्या शाळेंतील मुलांना घेऊन मी मुंबईस गेलों असतां आम्हीं तेथील वस्तुसंग्रहालय पाहिलें. एका लहानशा मूर्तीखालीं नोंदणीचा आंकडा होता, तो कांहीं हजारांच्या घरांतला. एका चौकस मुलानें तो वाचून विचारलें, "गुरुजी, आंकडा हजारांचा आणि मांडलेल्या वस्तु तर थोड्याच. मग बाकीच्या कोठें आहेत?" मला उत्तर देतां आलें नाहीं; मीं त्यास पुढें चालावयास सांगितलें. आतां मास्तरकी सुटली आहे व सवड मिळाली आहे. तें राहिलेलें उत्तर आज देण्याचा विचार आहे.

त्या संग्रहालयाची कोनशिला १९०५ सालीं बसली. जॉर्ज विटेट ह्या वास्तुविशारदानें इमारत रचिली. तिचा घुमट विजापूरच्या गोल घुमटाची आठवण करून देतो, आणि आंतील कोरीव लांकडी मंडप नाशिकच्या एका जुन्या वाड्यांतून विकत घेऊन बसविलेला आहे. इमारत १९१४ सालीं पुरी झाली. परंतु पहिल्या महायुद्धाच्या काळांत तेथें लष्करी रुग्णालय होतें, त्यामुळें लोकांस तिचीं दारें उघडलीं तीं १९२२ च्या जानेवारींत. १९९८ पासून छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय हें तिचें नांव झालें. सर रतन टाटा व सर दोराब टाटा ह्यांचे संग्रह तेथें आले. उत्खननांतून व देणग्यांतून भर पडत गेली. आज संग्रहांत पन्नास हजारांहून अधिक वस्तु आहेत. अर्थात् बहुतेक वस्तु कोठारांत असतात. जगांतील सर्वच मोठ्या संग्रहालयांची हीच स्थिति आहे, आणि माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें पहिलें उत्तर हेंच.

मग आणखी चार दालनें बांधून सगळें कां मांडूं नये? ह्याचें कारण उजेड. जुन्या लघुचित्रांतील रंग प्रकाशानें फिके पडतात, आणि एकदां गेलेला रंग कांहीं केल्या परत येत नाहीं. म्हणून अशा चित्रांवर सुमारें पन्नास लक्स एवढाच उजेड पडूं देतात. लक्स हें उजेडाचें माप आहे. भर उन्हांत तोच आंकडा पन्नास हजारांच्याही वर जातो. शिवाय कांहीं महिने मांडलेलें चित्र उतरवून अंधारांत विसाव्यास ठेवितात व त्याच्या जागीं दुसरें लावितात. दालन अंधुक आहे अशी तक्रार प्रेक्षक करितात; पण तो अंधार काटकसरीचा नसून काळजीचा आहे.

दुसरें कारण हवेंतील दमटपणा. मुंबईस समुद्र जवळ आणि पावसाळा मोठा. लांकूड, कागद व हस्तिदंत ओलाव्यानें फुगतात, कोरडेपणानें आकसतात, आणि अशा वारंवार होणाऱ्या ओढाताणीनें तडकतात. ओलावा बराच काळ शेंकडा सत्तरांच्या आसपास राहिला कीं कागदावर बुरशी धरूं लागते. ह्यावर उपाय म्हणजे हवा बाराही महिने एकसारखी ठेवणें. तथापि जुन्या, मोलाच्या इमारतीच्या भिंतींना हवीं तशीं भोंकें पाडतां येत नाहींत. नवें यंत्र बसवावें आणि जुन्या वास्तूस धक्काही लागूं नये, हें ह्या कामांतलें खरें अवघड कोडें आहे.

मुंबईनें तें बऱ्याच अंशीं सोडविलें. २००८ सालीं पूर्वेकडील भागांत सुमारें तीस हजार चौरस फूट जागा नव्यानें सिद्ध झाली. तींत पांच दालनें, वस्तूंवर उपचार करणारी कार्यशाळा, पाहुण्या प्रदर्शनांसाठीं दालन व चर्चागृह ह्यांची सोय केली गेली. हवा व उजेड ह्यांची खात्री पटल्याशिवाय परदेशचीं संग्रहालयें आपली वस्तु उसनी देत नाहींत. २०१७ सालीं ब्रिटिश म्यूझियम व दिल्लीचें राष्ट्रीय संग्रहालय ह्यांच्या सहकार्यानें मुंबईस मोठें प्रदर्शन भरलें, तें अशा तयारीवांचून भरतेंना. २०१५ पासून संग्रहालयाची मोटारगाडी वस्तु घेऊन शाळांकडे जाऊं लागली, आणि २०१९ सालीं मुलांचें संग्रहालय निघालें. जुन्या वास्तूच्या जतनाबद्दल २०२२ सालीं युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला.

कोणी म्हणेल, हवा थंड करण्यावर एवढा खर्च कशाला? मीही तरुणपणीं असेंच म्हणत असें. आमच्या धाब्याच्या घरांत आजोबांची एक सचित्र पोथी ट्रंकेंत होती. एका पावसाळ्यांत धाबें गळलें व पानें एकमेकांस चिकटलीं. मीं घाईनें तीं सोडवून उन्हांत वाळत घातलीं, तेव्हां रंग उडाला; फाटलेल्या कडांना चिकटपट्टी लावली, तिनें कागद पिवळा व ठिसूळ झाला. पाण्यानें जेवढी हानि केली नाहीं तेवढी माझ्या अज्ञानानें केली. कार्यशाळेंतील जाणत्या माणसाची किंमत मला तेव्हां कळली.

म्हणून माझें म्हणणें असें कीं, संग्रहालय वाढलें कीं नाहीं हें चौरस फुटांवरून ठरवूं नये. तेथील वस्तूचें आयुष्य किती वाढलें आणि ती किती नव्या डोळ्यांना दिसली ह्यांवरून ठरवावें. ह्या मापानें पाहिल्यास खानदेशांतही पुष्कळ करण्यासारखें आहे. इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यास १९२६ च्या ३१ डिसेंबरला निवर्तले; त्यांच्या स्मरणार्थ निघालेलें संशोधन मंडळ तेथें आहे, समर्थ वाग्देवता मंदिरांत रामदासी हस्तलिखितें आहेत. मुंबईएवढा पैसा अशा ठिकाणीं कोठून येणार? परंतु ओलावा मोजण्याचें लहानसें यंत्र, खिडकीस जाड पडदा, आम्लरहित कागदाच्या पेट्या, एवढ्या गोष्टी थोड्या वर्गणींतही होऊं शकतात.

आणि आपल्या घरीं जुनी पोथी असेल तर ती स्वच्छ सुती बासनांत गुंडाळून, भिंतीपासून दूर, कोरड्या जागीं ठेवावी. उन्हांत वाळवूं नये, डिंक किंवा चिकटपट्टी लावूं नये, रद्दींत तर मुळींच देऊं नये. सांभाळणें होत नसेल तर जवळच्या संशोधन मंडळास विचारावें. माझी पोथी गेली. आपली अजून राहिली असेल.