सुळावरच्या पोळीला दोर नसतो

'पूर्वी सुळावर चढवायचे, म्हणजे फाशीच द्यायचे हो!' बोदलकशाच्या तलावावर सहलीला आलेल्या मास्तरांपासून टीव्हीवरच्या निवेदकापर्यंत सगळे हे इतक्या ठामपणे सांगतात की ऐकणाऱ्याला शंकाही येत नाही. मालिकांत तर 'याला सुळी द्या' असा हुकूम सुटतो आणि पुढच्याच दृश्यात दोर लोंबताना दिसतो.

फाशीत माणूस दोराला लटकतो. सुळावर त्याला जमिनीत रोवलेल्या अणकुचीदार खांबावर चढवतात आणि तो खांब त्याच्या शरीरात घुसतो. मूळ संस्कृत शब्द शूल, म्हणजे टोकदार हत्यार. शंकराच्या त्रिशूळात तोच आहे, पोटशूळातही तोच. पोटशूळ उठल्यावर कुणी गळा धरत नाही!

अजून पटत नसेल तर महाभारताचं आदिपर्व काढा. चोरांनी लुटीचा माल मांडव्य ऋषींच्या आश्रमात दडवला, ऋषींचं मौन होतं, राजाने त्यांनाही चोर समजून सुळावर दिलं. तपाच्या बळावर ते जगले. चूक कळल्यावर सूळ उपसता येईना, म्हणून तो कापला. टोक, म्हणजे अणी, अंगातच राहिली आणि नाव पडलं अणीमांडव्य. लहानपणी त्यांनी किड्यांना गवताची काडी टोचली होती, त्याची ही शिक्षा, असं धर्मदेवाने त्यांना सांगितलं. टोचण्याला टोचणं. इथे दोर घातला तर कथाच कोसळते. आणि 'सुळावरची पोळी' ही आपली म्हण? पोळी टोकावर खोचलेली असते, म्हणून तर ती घ्यायला जाणं जिवावरचं. दोराला पोळी कोण बांधतं?

फाशी हा शब्द कचेरीच्या इतर शब्दांसारखा फारसीतून आला असेल, असंही अनेकांना वाटतं. तो पाश या संस्कृत शब्दातून आलाय. रानात तितर-सशांसाठी मांडतात तो फास आणि फासेपारध्यांच्या नावातला फासा, सगळे त्याच कुळातले. दक्षिणेत गळा आवळून लुटणाऱ्या ठगांना फासीगर म्हणत. म्हणजे फासीगर हा जल्लाद नव्हे, गुन्हेगार.

सुळाची शिक्षा गेली, शब्द मागे राहिला आणि लोकांनी तो दोराला चिकटवला. बोलण्यात चालू द्या, इतिहास सांगताना नको.

येशूलाही सुळावर चढवलं नव्हतं. ती तिसरीच पद्धत, खांबाला खिळण्याची. मराठी बायबलातला शब्द आहे वधस्तंभ.

शिक्षांच्या नावांतला आणखी एक गैरसमज: कडेलोट म्हणजे भांडं भरून वाहणं नव्हे. कड्यावरून लोटणं.

आणि फाशी देताना दोर तुटला की कैदी सुटतो? मुळीच नाही. 1973च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 354(5)मध्ये 'मरेपर्यंत' असं स्पष्ट होतं. आताच्या नागरिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे.

फाशीची शिक्षा लिहिल्यावर न्यायाधीशाने पेनाची निब मोडायचीच, असंही कुठल्याही कायद्यात नाही.

आणि भारतात देहदंड फक्त फाशीनेच होतो, हेही अर्धसत्य. 1950च्या लष्कर कायद्यात गोळी घालण्याचीही तरतूद आहे.