घरातली टेस्ला कॉइल

सुटीच्या दिवशी घरातला मुलगा पीव्हीसी पाइपवर केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळत बसला असेल, हजार वेढे मोजताना हाकेला ओ देत नसेल, तर तो बहुधा टेस्ला कॉइल बनवीत आहे. त्याला रागावण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी त्याचा सारा सरंजाम एकदा नीट पाहावा.

निकोला टेस्ला यांनी १८९१ मध्ये न्यूयॉर्क येथे ही रचना सिद्ध केली. १८९९ साली कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे त्यांनी तिचे प्रचंड रूप उभारले. तारांवाचून संदेश आणि पुढे वीजही पाठविण्याच्या त्यांच्या स्वप्नासाठी जे. पी. मॉर्गन या धनाढ्याने दीड लाख डॉलर दिले, पुढे मात्र हात आखडता घेतला. अर्धवट राहिलेला तो मनोरा १९१७ मध्ये पाडण्यात आला.

कॉइलचे मर्म अनुनादात आहे. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलके झोके दिले की तो उंच जातो. तसेच येथे घडते. जाड तारेच्या मोजक्या वेढ्यांचे मंडल आणि बारीक तारेच्या हजार वेढ्यांचे मंडल यांची कंपनसंख्या जुळली की दाब लाखो व्होल्टपर्यंत चढतो. मात्र मुद्दल वाढत नाही, किंबहुना थोडी घटच येते. कपॅसिटर हा केवळ गल्ला आहे. तो क्षणाक्षणाने भरतो आणि ठिणगीच्या फटीतून त्याहून कितीतरी कमी वेळात रिता होतो.

माथ्यावरची जांभळी ठिणगी पाहून सारे घर दचकते. खरा घातक भाग मात्र खाली, मुकाट्याने बसलेला असतो. निऑन फलकाचा ट्रान्सफॉर्मर पंधरा हजार व्होल्टपर्यंत दाब देतो. भंगारातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचा दाब सुमारे दोन हजारच असतो. पण त्यातून वाहणारा प्रवाह इतका मोठा की एका स्पर्शात प्राण जातो. प्लग काढल्यावरही कपॅसिटर भरलेला राहू शकतो. उच्च कंपनसंख्येची वीज त्वचेवरूनच वाहते, म्हणून ती निर्धोक, हा समज तर निखालस चुकीचा आहे. तिचा झटका जाणवत नाही एवढेच; आतून भाजणे टळत नाही. हृदयात पेसमेकर बसविलेल्या आजोबांना तर त्या खोलीत येऊच देऊ नये.

म्हणून आरंभ नऊ व्होल्टच्या बॅटरीवर व्हावा. एक ट्रान्झिस्टर, एक रोधक, बारीक तारेचे काहीशे वेढे आणि त्यांभोवती जाड तारेचे तीन-चार वेढे एवढ्यावर काम भागते. जवळ धरलेला छोटा सीएफएल दिवा तारेवाचून मंद उजळतो. ट्रान्झिस्टर लवकर तापतो, तेव्हा बॅटरी फार वेळ जोडून ठेवू नये. दिवा उजळला नाही, तर बाहेरच्या वेढ्यांची दोन टोके आलटून-पालटून जोडावीत. पुष्कळदा चूक तेथेच असते.