शिडाच्या नौकेतून कोकणचा किनारा

शिडाच्या लहान नौकेतून किनाऱ्याकाठाने प्रवास करणाऱ्यास दोन घड्याळे सांभाळावी लागतात. एक वाऱ्याचे व दुसरे पाण्याचे. मुंबई ते गोवा या सुमारे ४०० किलोमीटरांच्या जलमार्गावर ही गोष्ट विशेषत्वाने प्रत्ययास येते.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर असंख्य बेटे व जमिनीत दूरवर शिरलेले खोल सागरी फाटे आहेत. तेथे आडोसा सहज सापडतो. भय असते ते जुरा व स्कार्बा या बेटांमधील कोरीव्रेकनसारख्या सामुद्रधुनींतील वेगवान प्रवाहांचे. कोकणात बेटे थोडी. आडोसा मिळतो तो प्रामुख्याने खाड्यांत. दाभोळ, जयगड, विजयदुर्ग ही बंदरे प्रसिद्धी पावली ती यामुळेच.

हिवाळ्यात रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते व जमिनीवरून मतलई वारा वाहू लागतो. सकाळी तो मंदावतो, काही काळ शिडे लोंबकळत राहतात, आणि जमीन तापली की दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटतो. दक्षिणेकडे जाणाऱ्या नौकेला तो पाठीशी लाभतो. परतताना मात्र समोरून येतो. शिडाची नौका थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. तिला आलटूनपालटून तिरकस चाल करीत पुढे सरकावे लागते. म्हणून उत्तरेकडचा पल्ला मध्यरात्रीनंतर नांगर उचलून मतलई वाऱ्यावर गाठणे श्रेयस्कर ठरते.

खाडीच्या मुखाशी बहुधा पाण्याखाली वाळूचा उंचवटा असतो. ओहोटीचे पाणी वेगाने बाहेर पडत असता समुद्राच्या लाटा त्यावर समोरून आल्या, की त्या उंच होऊन फुटतात. अशा वेळी आत शिरू पाहणारी नौका आडवी होऊन उलटण्याचा धोका असतो. भरती पूर्ण होण्यापूर्वीचा तास-दीड तास प्रवेशास उत्तम. भरतीच्या वेळेचा जुना ठोकताळा असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. चतुर्थीस सुमारे ३ वाजता, अष्टमीस ६ वाजता, तर पौर्णिमा-अमावास्येस १२ च्या सुमारास पूर्ण भरती येते. ठिकाणपरत्वे यात फरक पडत असल्याने छापील कोष्टक पाहणे अधिक चांगले.

येथेच दोन घड्याळांचा मेळ घालावा लागतो. खारा वारा नौकेला सायंकाळी खाडीच्या मुखाशी आणून सोडतो. अष्टमीस त्या वेळी भरती असते. पौर्णिमेस मात्र पाणी ओसरलेले असते. वारा तोच, खाडीही तीच. परंतु आठवड्यापूर्वी सुरक्षित असलेले मुख आता घातक झालेले असते. अंधारापूर्वी आत शिरण्याचा मोह आवरून बाहेर खोल पाण्यात भरतीची वाट पाहणे, हेच अशा वेळी शहाणपणाचे होय.

जूनपासून नैर्ऋत्य मोसमी वारे नौकेला सतत किनाऱ्याकडे लोटू लागतात आणि आश्रयाची मुखेच फुटणाऱ्या लाटांनी बंद होतात. त्या काळात गलबते किनाऱ्यावर ओढून ठेवावीत व नारळी पौर्णिमेनंतरच पुन्हा पाण्यात लोटावीत, या प्रघातामागे हाच अनुभव आहे.