चाचा डावखुरे कधी झाले?

कविता वाचून संपली की समोरून ‘वा!’ येते, आणि त्या ‘वा’ने कवीचे किती नुकसान होते ते कवीलाच ठाऊक. गेली तीसेक वर्षे मी कविता लिहितो आहे, त्यामुळे हे नुकसान मी भरपूर सोसले आहे. पण आपली वस्तू दुसऱ्यापुढे कशी ठेवावी आणि दुसऱ्याची वस्तू कशी पाहावी, हे मी कवींच्या मैफलीत शिकलो नाही. ते शिकलो एका फोटो स्टुडिओच्या माडीवर. आज त्या माडीविषयी आणि तिथे चालणाऱ्या फोटोंच्या चिकित्सेविषयी बोलणार आहे.

गोष्ट १९८८-८९ची. मी मिरजेत बी.ए. करीत होतो. स्टुडिओच्या मालकांना सगळे मास्तर म्हणत. दर रविवारी सकाळी त्यांच्या माडीवर आम्ही सहा-सातजण जमत असू. एक बँकेतले कारकून, एक कॉलेजच्या प्रयोगशाळेतले, एक दवाखान्यातले कंपाउंडर आणि बाकी माझ्यासारखी पोरे. प्रत्येकाने आठवड्यात काढलेली एकच कॉपी आणायची. एकच, कारण ब्रोमाइड पेपर महाग. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ पेपर आणि ‘इंदू’ रोल हा आमचा आधार होता. आता तो कारखानाही बंद झाला.

कॅमेऱ्यात फिल्म असण्याचा काळ ज्यांनी पाहिला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. त्यांच्यावर प्रकाश पडला की कणांत बदल होतो, पण तो डोळ्यांना दिसत नाही. रोल पूर्ण अंधारात डेव्हलपरमध्ये धुतला की प्रकाश पडलेल्या कणांची काळी चांदी होते. मग हायपोच्या पाण्यात उरलेले क्षार निघून जातात आणि निगेटिव्ह तयार होते. जिथे उजेड तिथे ती काळी, जिथे अंधार तिथे स्वच्छ पारदर्शक. ही निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये ठेवून लाल दिव्याच्या उजेडात कागदावर कॉपी काढायची. डेव्हलपरचे तापमान वीस अंश असावे लागते. मिरजेत मे महिन्यात वीस अंश कुठून आणायचे? मास्तर परातीत बर्फ ठेवून त्यात ट्रे मांडत.

बैठकीचे नियम चार. पहिला, ज्याचा फोटो त्याने तोंड उघडायचे नाही. कुणी खुलासा करू लागला की मास्तर विचारत, “फोटोबरोबर तू घरोघर जाणार आहेस का सांगायला?” दुसरा, ‘छान’ आणि ‘वा’ हे शब्द बंद. तिसरा, मत देण्याआधी काय दिसते ते सांगायचे. किती माणसे, कुठला उजेड, नजर आधी कुठे जाते, मग कुठे जाते. चौथा, कॉपीबरोबर निगेटिव्ह आणि कॉन्टॅक्ट आणायचा. कॉन्टॅक्ट म्हणजे सगळ्या निगेटिव्ह कागदावर चिकटून ठेवून काढलेली छोटी कॉपी. बारा फोटोंच्या रोलचे बाराही फोटो एका कागदावर. त्यात आपल्या चुकाही रांगेने दिसतात, म्हणून ती दाखवायला सगळ्यांनाच संकोच वाटे.

निगेटिव्ह कशाला? तर चूक नेमकी कुठे झाली ते कॉपीवरून कळत नाही. समजा फोटोत सावलीचा भाग ठार काळा आहे. निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरा. तिथे ती अगदी स्वच्छ असेल, तर फोटो काढतानाच प्रकाश कमी पडला. आता उपाय नाही. पण तिथे बारीक तपशील दिसत असेल, तर दोष कॉपी काढणाऱ्याचा, पुन्हा काढा. फोटो अस्पष्ट असेल तर सगळेच एका दिशेने हललेले आहे का पाहा. तसे असेल तर कॅमेरा हलला. फक्त माणूस हललेला असेल तर शटरचा वेग कमी पडला. माणूस अस्पष्ट आणि मागची भिंत स्पष्ट असेल तर फोकस चुकला. कॉपीवर पांढरे ठिपके म्हणजे निगेटिव्हवर धूळ होती. काळे ठिपके असतील तर बहुधा रोल धुताना हवेचे बुडबुडे चिकटून राहिले होते. डॉक्टर नाडी पाहतो तसे हे. ‘फोटो बिघडला’ असे म्हणण्यापेक्षा ‘या जागी, या कारणाने बिघडला’ असे कुणी सांगितले की वाईट वाटत नाही, उलट पुढच्या रविवारची ओढ लागते.

यानंतर कॉपीची चर्चा. अमेरिकेतले विख्यात छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स तरुणपणी पियानो शिकले होते. निगेटिव्ह म्हणजे लिहून ठेवलेले संगीत आणि कॉपी म्हणजे त्याचे वादन, अशी तुलना ते करीत. मास्तरांनी ॲडम्स वाचला होता की नाही कोण जाणे, पण ज्या गावात अब्दुल करीम खाँसाहेब चिरनिद्रा घेताहेत त्या गावचे ते. ते म्हणत, “बंदिश तीच, गाणारा कसा गातो ते बघ.” एकाच निगेटिव्हवरून चेहऱ्यावर हात धरून तो उजळ ठेवता येतो, कोपऱ्यातल्या आकाशावर जास्त उजेड देऊन ते गडद करता येते. पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे घेऊन मास्तर फोटोवर चौकट सरकवत आणि विचारत, “एवढे ठेवले तर काही हरवते का?” काहीच हरवले नाही, तर तेवढा भाग मुळातच जास्तीचा होता.

ही पद्धत काही आमच्या माडीवर जन्मली नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. फोटो काढायची कला जगजाहीर झाली १८३९ साली; म्हणजे अवघ्या पंधरा वर्षांत आपल्याकडे त्यासाठी मंडळ निघाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नामांकित छायाचित्रकार आणि या सोसायटीचे सभासद.

आता माझी गोष्ट सांगतो. आमच्या गल्लीत एक वयस्कर सतारमेकर होते. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणे. मिरजेत भोपळ्याच्या सतारी पिढ्यान्‌पिढ्या घडतात, हे आपण जाणताच. एका सकाळी चाचा दारात बसून जवारी काढत होते. जवारी म्हणजे सतारीच्या घोडीचा माथा कानसेने घासून असा करायचा की तार छेडल्यावर सुराला गुंजन यावे. केसभर जास्त घासले की काम गेले. चाचांचा कान घोडीशी, हातात कानस, दारातून तिरपा उजेड. मी मास्तरांचा दोन भिंगांचा याशिका मागून आणला होता. फोटो काढला.

कॉपी मी घाईघाईत काढली. कॉन्टॅक्ट काढलाच नाही. रविवारी बैठकीत ठेवली तर सगळे गप्प झाले आणि मग बोलू लागले. उजेड कसा गालावरून बोटांवर उतरतो, सतारीची दांडी कशी तिरपी जाते, मागचा काळोख कसा सांभाळला आहे. कॉन्टॅक्ट का नाही म्हणून मास्तर ओरडले, पण तेही खूश होते. तो फोटो मी एका स्पर्धेला पाठवला. प्रमाणपत्र मिळाले. परीक्षकांनाही काही खटकले नव्हते.

मग मी कॉपी चाचांना दाखवली. त्यांनी ती लांब धरली, जवळ धरली आणि म्हणाले, “क्यूं रे, मेरेकू डावरा कब बनाया?”

मी पाहिले. फोटोत चाचांच्या डाव्या हातात कानस होती. सतारीच्या खुंट्यांची रांग पलीकडच्या बाजूला गेली होती. मी निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये उलटी लावली होती, आणि आरशातले मिरज कागदावर उतरले होते.

हे झाले कसे? निगेटिव्हला दोन बाजू असतात, एक चकचकीत आणि एक मंद. मंद बाजूला तो चांदीचा थर. एन्लार्जरमध्ये मंद बाजू खाली, कागदाकडे हवी. चकचकीत बाजूने पाहिले की काठावरचे आकडे सुलटे वाचता येतात, तीच खूण. मी ती पाहिली नाही. पण नंतर तरी लक्षात का आले नाही? तर दोन भिंगांच्या त्या कॅमेऱ्यात वरून काचेवर जे चित्र दिसते तेच मुळी डावे-उजवे उलटलेले असते. फोटो काढताना मी चाचांना डावखुरेच पाहिले होते. त्यामुळे चुकीची कॉपी मला बरोबर वाटली. कॉन्टॅक्ट काढला असता तर दोन्ही शेजारी ठेवून चूक तिथेच सापडली असती. आणि गंमत अशी की चाचांना स्वतःचा चेहरा मुळीच खटकला नाही, कारण आपण आपला चेहरा आरशातच पाहतो. त्यांना खटकला तो हात. ज्या हाताने पन्नास वर्षे काम केले तो हात.

मला लाज वाटली ती तांत्रिक चुकीची नव्हे. सात मिरजकर त्या फोटोभोवती बसलो होतो. रोज सतारमेकरांच्या दारावरून जाणारे आम्ही. उजेडावर बोललो, रेषेवर बोललो, आणि माणूस कुठल्या हाताने काम करतो हे एकालाही दिसले नाही. काय दिसते ते आधी सांगायचे, हा आमचाच नियम. आम्ही उजेड पाहिला, चाचा पाहिले नाहीत.

चाचा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “सीधा करके दे.” आमच्या बोलीत उजव्या हाताला सीधा हात म्हणतात, म्हणून त्या वाक्याचे दोन अर्थ होतात, आणि दोन्ही बरोबर होते. मी ‘देतो’ म्हणालो. परीक्षा आली, सुट्टी आली. दर्ग्याच्या दारात ते दोनदा भेटले, दोन्ही वेळा हसून विचारले, “हुआ क्या रे मेरा हात सीधा?” मी दोन्ही वेळा ‘पुढच्या रविवारी’ म्हणालो. १९९०च्या जानेवारीत चाचा गेले.

त्यांच्या चाळीसाव्याच्या आधी मुलगा घरी आला. चाचांचा दुसरा फोटोच नव्हता. त्या रात्री मास्तरांनी डार्करूमची किल्ली दिली. चकचकीत बाजू वर, आकडे सुलटे, दोनदा तपासून निगेटिव्ह लावली. डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कागदावर हळूहळू आधी काळोख आला, मग दांडी, मग हात. उजवा हात. तो फोटो त्यांच्या कारखान्यात लागला. ज्यांना तो हवा होता ते मात्र तो पाहायला नव्हते.

उलटी कॉपी मी जपून ठेवली आहे. उर्दू शायरीत इस्लाह नावाची रीत आहे. शागिर्दाने शेर उस्तादापुढे ठेवायचा आणि उस्तादाने त्यातला शब्द दुरुस्त करून द्यायचा. मुशायऱ्यात वाहवा मिळते, इस्लाहमध्ये शेर सुधारतो. मी कविता लिहिली की अजूनही ती आधी अशा कुणाला तरी वाचून दाखवतो, ज्याला कवितेतले काही कळत नाही पण कवितेत जे आहे ते कळते. शेतावरची कविता शेत कसणाऱ्याला, स्वयंपाकघरावरची बायकोला. चाचांसारखा एखादा प्रश्न तिथूनच येतो.

अलीकडे काही तरुण मुले पुन्हा फिल्मकडे वळली आहेत. २०२४ साली पेंटॅक्सने फिल्मचा नवा कॅमेराही बाजारात आणला. ही मुले रोल धुऊन घेतात, स्कॅन करतात आणि फोनवरून एकमेकांना पाठवतात. क्षणात पंचवीस अंगठे येतात. अंगठा म्हणजे आमच्या वेळची ‘वा’च. मी त्यांना सांगतो, महिन्यातून एकदा तरी समोरासमोर बसा. कॉपी टेबलावर ठेवा, निगेटिव्ह बरोबर आणा, ज्याचा फोटो त्याने गप्प राहा. स्कॅनरमध्येही निगेटिव्ह उलटी लागते, ते तपासा. आणि सगळे बोलून झाले की फोटो त्या माणसाकडे घेऊन जा, ज्याचा तो आहे. त्याचे म्हणणे शेवटी ऐका, आणि त्याने दुरुस्ती सांगितली तर ती त्याच रविवारी करा.

आपल्या घरीही ट्रंकेत जुन्या निगेटिव्ह असतील. एखाद्या सकाळी त्या खिडकीशी न्या, काठाला धरा, बोटे मध्ये लावू नका. आकडे सुलटे दिसताहेत ना, ते पाहा. मग घरातल्या वडीलधाऱ्यांना हाक मारा आणि त्यांना विचारा, यात काय दिसते. ते अजून आहेत, तोवर विचारा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)